मेडुसाचं काय चुकलं होतं?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षं अकरा. रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही दोघं रिक रायर्डनचं 'द लाइटनिंग थीफ' घेऊन बसायचो. इंग्रजी तो वाचायचा, अडलं की मराठीत मी सांगायचे. अकराव्या प्रकरणात नायक पर्सी आणि त्याचे दोन सोबती न्यू जर्सीच्या रानातून उपाशीपोटी चालत एका दुकानापाशी येतात. अंगणात पुतळेच पुतळे मांडलेले, आतून बर्गर भाजल्याचा वास. चेहरा झाकलेली एक बाई त्यांना मायेनं आत बोलावते, पोटभर खाऊ घालते आणि मग म्हणते, तुमचा एक फोटो काढते, बसा नीट. ती कोण आहे आणि ते पुतळे कुणाचे आहेत, हे मुलांच्या ध्यानात येईपर्यंत ती चेहऱ्यावरचं वस्त्र उचलायला लागलेली असते.

भाच्यानं ते प्रकरण एका दमात संपवलं. मेडुसाचं डोकं उडालं, तेव्हा मला वाटलं आता टाळ्या पडतील. तो म्हणाला, "पण मावशी, मेडुसाचं काय चुकलं होतं? त्या देवळात तो पोसायडनपण होताच ना?"

पुस्तकात याचं उत्तर दोन-तीन वाक्यांत उरकलं आहे: मेडुसा आणि पोसायडन यांचं प्रेम होतं, दोघं अथीनाच्या देवळात भेटले, अथीना चिडली. जुन्या ग्रंथांत गोष्ट इतकी सरळ नाही. हेसिऑडच्या कवितेत देऊळ नाही, शापही नाही. वसंतातल्या फुलांनी भरलेलं एक कुरण आहे, आणि तीन बहिणींपैकी एकट्या मेडुसाच्या कपाळी मरण आहे. देवळातला अत्याचार आणि त्याची शिक्षा म्हणून केसांचे झालेले साप आपल्याला भेटतात ते पुष्कळ नंतरच्या ओव्हिडमध्ये, रोमन कवीकडे. तिथेही ही हकीकत मेडुसा सांगत नाही. तिला मारणारा पर्सियस स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत पाहुण्यांना ती ऐकवतो. हे मी भाच्याला त्याच्या वयाला झेपेल एवढं सांगितलं. अहल्येची गोष्ट त्याला ठाऊक होती. तिथे शाप मिळालेली बाई स्वतः शिळा होते, इथे ती दुसऱ्यांच्या शिळा करते, हा फरक त्यानं आपणहून काढला.

ग्रीक पुराणकथांवर बेतलेलं अद्भुत साहित्य गेल्या वीस वर्षांत मुलांसाठी इतकं आलं आहे की पुस्तकांच्या दुकानात एक अख्खा कप्पा त्यानंच भरतो. त्यातलं काय द्यावं, असं आईबाप विचारतात तेव्हा मला त्या रात्रीचा प्रश्न आठवतो. जुन्या कथेत एखादी जागा दुखरी असते. कुणावर अन्याय झालेला असतो आणि कथा त्याबद्दल गप्प बसून पुढे जाते. तिथे हात घालणारं पुस्तक मुलाच्या मनात राहतं. नुसती नावं, शिंगं आणि पंख उसने आणणारं पुस्तक सुट्टीबरोबर संपतं.

जुन्या कथेत नवी भर घालायला माझी हरकत नाही, हे आधी सांगते. मिडास राजाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकली आहे. राजा मुलीला जवळ घेतो आणि ती सोन्याची होते. ही मुलगी ओव्हिडच्या मिडासला नाही. त्याच्या हातातली भाकरी सोन्याची होते, ओठाला लागलेली दारू सोन्याची होते, पण मुलगी नाही. ती नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकानं १८५१ साली 'अ वंडर-बुक' या मुलांसाठीच्या पुस्तकात जन्माला घातली. त्या एका भरीनं कथेचा जीव इतका वाढला की आज जगभर मुलांना तीच मूळ गोष्ट वाटते. भुकेनं व्याकूळ झालेला लोभी राजा मुलांना गमतीचा वाटला असता. सोन्याच्या मुलीपुढे बसलेला बाप त्यांना पुरता कळतो.

हॉथॉर्ननंतर शंभराहून अधिक वर्षं इंग्रजीत मुख्यतः पुनर्कथनं होत राहिली. रॉजर लान्सलिन ग्रीनचं १९५८ चं 'टेल्स ऑफ द ग्रीक हीरोज' आजही सुरुवातीला हातात द्यावं असं आहे, कारण तो एकेक वीर सुटा न देता सगळ्यांना एका काळात, एकमेकांच्या नात्यागोत्यात बसवतो. पण या काळातलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक वेगळंच आहे: लिऑन गारफील्ड आणि एडवर्ड ब्लिशेन यांचं 'द गॉड बिनीथ द सी'. १९७० सालचं कार्नेगी पदक त्याला मिळालं. ते उघडतं ऑलिम्पसवरून खाली भिरकावलेल्या एका बाळावर. कुरूप म्हणून टाकून दिलेला हा हेफिस्टस समुद्रात पडतो, दोन जलदेवता त्याला गुहेत वाढवतात आणि देवांच्या जन्माच्या कथा सांगतात. म्हणजे देवांचा दिमाख आपण पाहतो तो त्यांनीच टाकून दिलेल्या मुलाजवळ बसून. चार्ल्स कीपिंगची काळी-पांढरी चित्रं अंगावर येतात. भाषा जड आहे. बारा-तेराच्या आत हे पुस्तक देऊ नये आणि एकट्यानं वाचायला तर नाहीच. पण टाकलेलं मूल ही ग्रीक पुराणांची नस आहे, हे या दोघांनी अचूक ओळखलं.

तीच नस रायर्डनला सापडली, आणि सापडली ती घरात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत आणि त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत तो शाळेत शिकवायचा. त्याच्या मुलाला वाचनात अडचण होती, लक्षही एका जागी ठरत नसे. झोपताना तो मुलगा ग्रीक कथा मागायचा. साठा संपला तेव्हा बापानं नवा नायक रचला. २००५ साली तो पर्सी जॅक्सन म्हणून छापून आला. बारा वर्षांचा, शाळांमागून शाळांतून काढलेला. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे तरंगतात, कारण त्याचा मेंदू इंग्रजीसाठी बनलेलाच नाही, प्राचीन ग्रीकसाठी बनला आहे. हात-पाय स्वस्थ राहत नाहीत, कारण रणात तेच त्याला जिवंत ठेवणार आहेत. डिस्लेक्सियाला इतकं मानाचं स्थान देणारी कल्पना मला मुलांच्या साहित्यात दुसरी दिसलेली नाही. अशा मुलाला हे पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवा. त्याचा चेहरा बघत वाचा.

पण मालिकेचं खरं बळ याच्याही पुढे आहे. ग्रीक देवांची लफडी मुलांना सांगायची कशी, या पेचात सगळे लेखक सापडतात. कुणी ती गाळतात, कुणी त्यांना लग्नं म्हणतात. रायर्डन विचारतो की या संबंधांतून झालेल्या मुलांचं पुढे काय झालं? लाँग आयलंडवरच्या त्याच्या शिबिरात देवांच्या मानवी मुलांना सांभाळतात. आईबापांपैकी जो देव असेल त्यानं ओळख दिली तर मुलाला त्याच्या नावाची खोली मिळते. ओळख दिली नाही, तर हर्मिसच्या खोलीत, जमिनीवर, पिशवी उशाशी घेऊन. काही मुलं वर्षानुवर्षं तिथेच झोपतात. पाच पुस्तकांतलं सगळं युद्ध या जमिनीवरच्या अंथरुणांतून पेटतं. शेवटच्या, २००९ च्या 'द लास्ट ऑलिम्पियन'मध्ये देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि त्याऐवजी मागतो, की प्रत्येक देवानं आपलं प्रत्येक मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत आपलं म्हणावं. ज्या घरांत 'मृत्युंजय' वाचलेलं आहे, तिथे या मागणीचं वजन वेगळं समजवावं लागत नाही.

आता उणीव. झ्यूस-हेरा अमेरिकेत कसे, याचं उत्तर रायर्डननं पहिल्याच पुस्तकात देऊन टाकलं आहे: पाश्चात्त्य संस्कृतीची ज्योत जिथे प्रखर, तिथे ऑलिम्पस जातो, ग्रीसमधून रोममध्ये, पुढे इंग्लंडमध्ये, आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर. कथेची सोय झाली, पण ग्रीस मात्र देवांनी सोडून दिलेलं जुनं घर झालं. तिथली कोरडी डोंगरउतरण, ऑलिव्हची झाडं, बेटाबेटावर बदलणारी एकाच देवाची रूपं, यांतलं काही मुलापर्यंत येत नाही. पुढच्या मालिकेत, २०१४ च्या 'द ब्लड ऑफ ऑलिम्पस'मध्ये, मंडळी अथेन्सला जातात, तीही लढाईपुरती. शिवाय मारलेले राक्षस धूळ होतात आणि कालांतरानं पुन्हा उगवतात. नऊ वर्षांच्या वाचकाला हे बरं पडतं, पण ग्रीक कथेत मरण असं परत घेता येत नाही.

हे त्यालाही जाणवलं असावं, कारण तिसऱ्या पुस्तकात, 'द टायटन्स कर्स'मध्ये (२००७), तो मरण खरंखुरं आणतो, झोई नाइटशेडचं. झोई ही अॅटलासची मुलगी, सोन्याची सफरचंदं राखणाऱ्या बहिणींपैकी एक. हर्क्युलीसला तिनं मदत केली, आपली तलवार दिली. त्यानं सफरचंदं नेली आणि तिचं नाव कुठेही घेतलं नाही. बहिणींनी तिला घराबाहेर काढलं. पर्सी पहिल्या पुस्तकापासून जी तलवार वापरतोय ती हिचीच, हे आपल्याला दोन पुस्तकं उलटल्यावर समजतं, आणि आधीची प्रत्येक लढाई मनात पुन्हा तपासावी लागते. जुन्या कथेत अशी बहीण नाही. मिडासच्या मुलीसारखी तीही नंतरच्या लेखकानं घातलेली भर आहे आणि तितकीच अस्सल. विसरली गेलेली बाई कथेत नसणारच, म्हणून तर ती विसरली गेली! हर्क्युलीसच्या बारा पराक्रमांची यादी पाठ असलेल्या मुलानं झोईनंतर ती यादी पुन्हा म्हणून बघावी.

पर्सीच्या मागून बरेच जण आले. जोन होलब आणि सुझान विल्यम्स यांच्या 'गॉडेस गर्ल्स'मध्ये ऑलिम्पस ही शाळा आहे, झ्यूस मुख्याध्यापक, आणि मेडुसा वर्गातली खाष्ट मुलगी. आठ-नऊ वर्षांच्या मुली ही पुस्तकं भराभर वाचतात आणि नावांशी ओळख होते, हे मान्य. पण मेडुसाला खाष्ट ठरवलं की तिचं काय चुकलं हा प्रश्नच मुलीच्या मनात उगवत नाही. जॉर्ज ओकॉनरची 'ऑलिंपियन्स' ही बारा भागांची चित्रकादंबरी (२०१०–२०२२) कितीतरी वरची आहे. कथा कुठून घेतली, कुठे वळवली, हे तो प्रत्येक भागाच्या अखेरीस टिपांमध्ये सांगतो. वाचक लहान आहे म्हणून त्याच्यापासून काही लपवत नाही.

माझी खरी तक्रार पर्सेफनीबद्दल आहे. पाताळाच्या राजानं पळवून नेलेली ही मुलगी हल्लीच्या किशोर साहित्यात आणि वेबकॉमिक्समध्ये उदास देखण्या हेडीसची प्रेयसी झाली आहे. तिला स्वतःचं मन द्यावं ही इच्छा रास्त आहे. पण या प्रेमकथांत तिची आई एकतर मुलीला मुठीत ठेवणारी जाचक बाई होते नाहीतर कडेला उभी राहते. होमरच्या नावावर असलेलं डेमिटरचं स्तोत्र मात्र आईचं आहे. जेमतेम पाचशे ओळी. हातात पेटते पलिते घेऊन ती नऊ दिवस पृथ्वी धुंडाळते. खात नाही, पीत नाही, अंगाला पाणी लावत नाही. आणि पर्सेफनीला तिथे मन नाही असंही नव्हे. परत आल्यावर ती आईला स्वतःच्या तोंडानं सांगते की डाळिंबाचा तो दाणा त्यानं बळजबरीनं खायला लावला. अडीच हजार वर्षांहून जुन्या कवितेत मुलीचं हे म्हणणं नोंदवलेलं असताना आजच्या लेखकांनी ते पुसावं, याचं मला वाईट वाटतं. मुलींना तर ते आधी ऐकू यायला हवं.

म्हणून पर्सीच्या तिसऱ्या पुस्तकानंतर मी भाच्याला थोडं थांबवलं. म्हटलं, चौथं घेण्याआधी दोन रात्री हे ऐक. इंग्रजी भाषांतर मांडीवर ठेवून स्तोत्र मराठीत सांगत गेले. नार्सिससचं फूल, दुभंगलेली जमीन, सोन्याचा रथ. पर्सेफनीची किंकाळी दोघांनी ऐकली: गुहेतल्या हेकेटीनं आणि आकाशातल्या सूर्यानं. मग डेमिटरचे पलिते, एकेक दिवस. दहाव्या दिवशी हेकेटी तिला भेटते आणि दोघी सूर्याच्या घोड्यांसमोर जाऊन उभ्या राहतात, तेव्हा कुठे तो बोलतो.

भाचा उठून बसला. "म्हणजे सूर्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग तो नऊ दिवस गप्प का बसला?"

मी पुस्तक पुन्हा त्या पानावर आणलं आणि सूर्य काय म्हणतो ते पहिल्यापासून वाचायला लागले.