सुंदरलाल समितीचा अहवाल : उशिरा हाती आलेला

मराठवाड्यातल्या आमच्या घरांतून ‘पोलिस अ‍ॅक्शन’ हा शब्द वयाचा हिशेब सांगायला वापरला जाई. अमका त्याआधी जन्मला, तमकीचा निकाह त्यानंतर झाला. त्या साली काय घडले ते मात्र कुणी सांगत नसे. विचारले की नानी पानदान पुढे ओढी.

सप्टेंबर १९४८मधील लष्करी कारवाईनंतर नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी हैदराबाद संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हिंडून अहवाल लिहिला. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांनी त्यातले उतारे पुढे आणले. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात तो वाचायला मिळतो हे २०१३ साली सर्वांना कळले. ज्यांचे ‘भारत में अंग्रेजी राज’ १९२९ साली इंग्रजांनी जप्त केले, त्याच सुंदरलालांचा हा मजकूर स्वराज्यात कुलपात पडला!

अहवाल आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. भाषा कोरडी आहे, आणि तेच तिचे बळ. सावध अंदाज म्हणून सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यू, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे, काही ठिकाणी लष्करातील माणसांचा सहभाग: सारे आवाज न चढवता मांडले आहे. रझाकारांचे जुलूमही लपवलेले नाहीत. आपल्याकडे नुसता आकडा सांगणारे हे पान गाळतात. मुक्तिदिनाला भाषणे करणारे उरलेला अहवाल गाळतात. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंद तर दोघांनाही नको असते.

तक्रार आहे ती काझीसाहेबांकडे. ‘लैला के खुतूत’मध्ये त्यांनी अख्खी कादंबरी एका बाईच्या पत्रांतून उभी केली. इथे बाई येते ती पळवलेली, नासवलेली, विहिरीत उडी घेतलेली. तिचे स्वतःचे बोल आम्हाला सापडले नाहीत. आपण चौकशी आयोग नसून सद्भावना मंडळ आहोत, असे समितीने म्हटले आहे. मान्य. पण साक्ष विचारायला त्यानंतर फारसे कुणी गेले नाही.

लातूरच्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार आढळले. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. कुठे, कुणाच्या ओसरीवर, किती दिवस? हे सांगू शकणारी वीस वर्षांची मुलगी २०१३ साली पंच्याऐंशीची झाली असती. आमची नानी तोवर कब्रस्तानात होती.