कपाळावरची पट्टी आणि पंचाची नोंद

क्रिकेटचा इतिहास कोणी घडवला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. दाढीवाले डॉ. ग्रेस, मग आपले रणजी, मग ब्रॅडमन, सोबर्स. आणि पैशाची गोष्ट निघालीच तर केरी पॅकर. २००० साली 'विस्डेन' ह्या क्रिकेटच्या वार्षिकाने १०० जाणकारांची मते घेऊन शतकातले पाच क्रिकेटपटू निवडले. ब्रॅडमनला १०० पैकी १०० मते पडली, सोबर्सला ९०. त्यांच्या मागे हॉब्ज, शेन वॉर्न आणि व्हिव रिचर्ड्स. यादीशी आमचे भांडण नाही. खेळाडू निवडायचे होते, खेळाडू निवडले. पण पुढे पुस्तकांतून आणि लेखांतून ह्याच यादीला 'क्रिकेट घडवणारे' म्हणण्याची जी सवय लागली आहे, तिच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

ग्रेस पेशाने डॉक्टर, म्हणून आम्हां परिचारिकांना त्यांच्याविषयी थोडी जवळीक वाटावी. परंतु पंचाने बाद दिले तरी हा गृहस्थ जागचा हलत नसे, ही आख्यायिका इतिहासकार किती कौतुकाने सांगतात! लोक तुमची पंचगिरी बघायला नव्हे, माझी फलंदाजी बघायला आलेत, असे म्हणे तो म्हणाला. खरे-खोटे देव जाणे. आमचे लक्ष दुसरीकडेच जाते. ह्या गोष्टीत पंचाला नाव नसते. ज्याने नियम मोडला त्याचा पुतळा, आणि ज्याने नियम सांगितला तो 'एक पंच'.

याद्या दुरुस्त होतात, हे आम्ही पाहिले आहे. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. जातीमुळे ह्या माणसाला संघाबरोबर खेळता येई, पण चहा वेगळ्या भांड्यात प्यावा लागे. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांनी १९४८ साली 'माझे क्रीडाजीवन' हे पुस्तक मराठीत लिहिले होते, तरी बाहेरच्या जगाला बाळूंची ओळख खऱ्या अर्थाने पटली ती रामचंद्र गुहांच्या २००२ सालच्या ग्रंथामुळे. फार मोठे काम. पण बाळू झाले तरी खेळाडूच. पंचांसाठी अजून कोणी गुहा जन्मलेले दिसत नाहीत.

वास्तविक खेळाला वळण लावणारे पंच थोडे नाहीत. जिम फिलिप्स हा ऑस्ट्रेलियन पंच घ्या. जानेवारी १८९८ मध्ये मेलबर्नच्या कसोटीत त्याने आपल्याच देशाच्या अर्नी जोन्सला चेंडू फेकल्याबद्दल नोबॉल दिला. कसोटीत असे पहिल्यांदाच घडले. १९०१ साली ओल्ड ट्रॅफर्डला त्याने लँकेशायरच्या आर्थर मोल्डचे चेंडू एकदा-दोनदा नव्हे, १६ वेळा नोबॉल ठरवले, आणि मोल्डची कारकीर्द तिथेच संपल्यासारखी झाली. गोलंदाजी म्हणजे काय आणि फेकणे म्हणजे काय ही रेघ त्या माणसाने मैदानावर उभे राहून ओढली. किंवा फ्रँक चेस्टर. चांगला होतकरू फलंदाज. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर जखमी झाला आणि उजवा हात कोपराखाली कापावा लागला. हात कापलेल्या तरुण रोग्याची पहिल्या आठवड्यातली नजर आम्ही वॉर्डात पाहिलेली आहे. ह्या मुलाने बॅट ठेवली आणि पंचाचा पांढरा कोट चढवला. १९२४ ते १९५५ ह्या काळात त्याने ४८ कसोट्यांत पंचगिरी केली. वाकून, यष्ट्यांच्या रेषेत डोळे आणून पाहण्याची त्याची ढब पुढच्या पंचांनी उचलली.

आता आपल्या घरचे उदाहरण. जुडा रूबेन. मुंबईचे, आपल्या बेने इस्राएल समाजातले, १९६९ ते १९७७ ह्या काळात दहा कसोट्यांचे पंच. जानेवारी १९७७ मध्ये मद्रासला चेपॉकवर इंग्लंडविरुद्ध तिसरी कसोटी चालू होती. आम्ही तेव्हा मुंबईत शाळेच्या शेवटच्या वर्गात, कान रेडिओला. पहिल्या दोन कसोट्या आपण हरलेलो. दिल्लीत जॉन लिव्हर नावाच्या नव्या डावखुऱ्या गोलंदाजाने एका डावात ७ आणि सामन्यात १० बळी घेतले होते. चेंडू असा काही वळत होता की आपल्या फलंदाजांना कळेना. मद्रासला लिव्हर आणि विलिस ह्यांच्या कपाळांवर व्हॅसलिन लावलेल्या गॉजच्या पट्ट्या दिसल्या. लिव्हरची पट्टी सुटून आली, ती रूबेन ह्यांच्या हाती लागली. तिच्यावर ओशट पदार्थ आहे हे त्यांनी पाहिले आणि रीतीप्रमाणे कळवले. चेंडूला बाहेरचा पदार्थ लावणे नियमाविरुद्ध आहे.

पुढचा गदारोळ सर्वांना ठाऊक आहे. घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून पट्ट्या लावल्या, असे इंग्लंडच्या संघाने सांगितले. बेदी कप्तान होते, ते उघड बोलले. इंग्लंडच्या मंडळाने लिव्हरचे म्हणणे मान्य केले आणि लबाडीचा हेतू काही सिद्ध झाला नाही. सामना आपण २०० धावांनी हरलो, दुसरा डाव ८३ धावांत आटोपला.

गॉजची पट्टी हा आमच्या धंद्यातला विषय, म्हणून थोडे विषयांतर करतो. व्हॅसलिनचे गॉज आम्ही वापरतो ते भाजलेल्या कातडीवर, ड्रेसिंग जखमेला चिकटू नये म्हणून. त्याचा गुणच न चिकटण्याचा. वरून पॅड आणि बँडेज घातले नाही तर ते घसरते. उन्हात व्हॅसलिन पातळ होते आणि ओघळते. मद्रासच्या हवेत, धावून धावून घामेजलेल्या कपाळावर त्याने घाम अडेल की उलट डोळ्यांतच उतरेल, हे कुठलीही पहिल्या वर्षाची परिचारिका सांगेल. ह्यावरून लिव्हर लबाड ठरतो काय? नाही. वेड्यासारखी ड्रेसिंगे चांगल्या हेतूनेही होतात, आम्ही कितीतरी सोडवली आहेत.

आणि येथेच आम्हांला आपल्याच माणसांवर टीका करायची आहे. लग्नाकार्यांत, मलिद्याच्या ताटाभोवती ही गोष्ट निघते तेव्हा ती कशी सांगितली जाते? "आपल्या रूबेनने इंग्रजांची चोरी पकडली!" किंवा "कसोटीतला एकुलता एक यहुदी पंच!" ऐकायला गोड, पण दोन्हीत तो माणूस हरवतो. दुसऱ्या वाक्यात त्यांनी काय केले हे नाही, ते कोण होते एवढेच आहे. पहिले तर चुकीचेच आहे. रूबेन ह्यांनी चोर पकडला नाही. पट्टी पाहिली, तिच्यावर काय आहे ते पाहिले आणि तेवढेच कळवले. हेतू काय, हे ठरवणे त्यांचे काम नव्हते आणि त्यांनी ते अंगावर घेतले नाही.

ह्याची किंमत आम्हांला कळते. इकडे येऊन हिब्रूत रात्रपाळीचा रिपोर्ट लिहायला शिकलो, तेव्हा पहिला धडा हाच होता. डोळ्यांनी पाहिले ते लिही, निदान लिहू नकोस. एकदा एका म्हाताऱ्या रोग्याच्या पाठीवरचे ड्रेसिंग दोन दिवस बदललेले नव्हते. आम्ही पट्टीवरची तारीख पाहिली आणि ती तशीच लिहिली. कोणाचे नाव लिहिले नाही. सकाळी बोलावणे आले: हे पान पुन्हा लिहून काढ. आम्ही नाही म्हटले. पुढचे चार महिने आम्हांला एकही दिवसपाळी मिळाली नाही. त्या काळात चेपॉकची आठवण पुष्कळदा झाली. आपल्याच देशाचा संघ हरत असताना, साऱ्या स्टेडियमला हवा तो शब्द तोंडातून न काढता फक्त पाहिलेले सांगणे, हे लिव्हरच्या इनस्विंगरइतकेच कठीण असावे.

आज पंचाजवळ हत्यारे पुष्कळ आहेत. २००० सालच्या नियमावलीत पाच धावांचा दंड आला. २००६ साली ओव्हलवर डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह ह्यांनी तो पाकिस्तानला लावला. पाकिस्तानचा संघ मैदानात उतरेना, आणि पंचांनी सामना इंग्लंडला देऊन टाकला. पुढे इंझमामवरचा चेंडू बिघडवल्याचा आरोप टिकला नाही. तेथे नोंदीबरोबर निकालही पंचांनाच द्यावा लागला. २०१८ साली केपटाउनला सँडपेपर दिसला तो कॅमेऱ्याला. पंचांनी विचारले तेव्हा बॅनक्रॉफ्टने खिशातून भलतेच फडके काढून दाखवले. चेपॉकवर कॅमेऱ्याच्या जागी एका माणसाचे दोन डोळे होते.

त्या मद्रास कसोटीत इंग्लंडचा कप्तान होता टोनी ग्रेग. त्याच वर्षी तो पॅकरला जाऊन मिळाला, आणि म्हणून प्रत्येक इतिहासात त्याला पाने आहेत. लिव्हरला आहेत, बेदींना आहेत. रूबेन ह्यांच्या वाट्याला बहुधा एक वाक्य येते, त्यातही कधी नाव असते, कधी नुसतेच 'पंच'.

आपल्या वाचकांत काही कुटुंबे अशी असतील, ज्यांनी श्री. रूबेन ह्यांना मुंबईच्या मैदानांवर पांढऱ्या कोटात उभे पाहिले असेल, त्यांच्याशी बोलणे झाले असेल, घरी एखादे कात्रण वा छायाचित्र ठेवलेले असेल. त्यांनी ते संपादकांकडे पाठवावे. जे पाहिले, ऐकले, तेवढेच लिहावे. चोर पकडल्याची गोष्ट आमच्याकडे भरपूर आहे.