विशेषणांची रांग

मुर्रीत आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा इंग्रजीचा गृहपाठ घेऊन आला. विशेषणांचा क्रम पाठ करायचा होता : आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ आणि शेवटी उपयोग. त्याने विचारले, "काका, मराठीत असा नियम आहे का?" मी "नाही" म्हणालो. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

ही आठ पायऱ्यांची यादी मार्क फोर्सिथ यांच्या २०१३ च्या पुस्तकामुळे बरीच गाजली. टोल्किनने लहानपणी 'हिरवा मोठा ड्रॅगन' लिहिले, तेव्हा आईने 'मोठा हिरवा' असे सुधारले. का, हे कोडे त्याला पुढेही सुटले नाही. यादीनेही ते सुटत नाही. 'बिग बॅड वुल्फ' म्हणताना इंग्रज आकारमान आधी घेतात आणि मत नंतर.

आता आपल्याकडे पाहू. 'मोठी काळी लोखंडी कढई' सहज वाटते, 'लोखंडी काळी मोठी कढई' अडखळते. म्हणजे क्रम आहे. पण 'लोखंडाची मोठी काळी कढई' मुळीच अडखळत नाही. पदार्थ तोच, अर्थही तोच. बदलले ते फक्त शब्दाचे रूप. षष्ठीचे रूप पुढे जाऊ शकते, 'लोखंडी' मात्र नामाजवळच राहू पाहते. केवळ अर्थाच्या याद्या इथे अपुऱ्या पडतात.

गोंदिया धानाचा जिल्हा. दुकानात 'जुना बारीक तांदूळ' मागितला तर बारीक तांदळातला जुना हवा असतो. 'बारीक जुना' म्हटले तर जुन्यातला बारीक. नामालगतचे विशेषण जात ठरवते, त्याआधीचे त्या जातीतून निवड करते. म्हणूनच 'मोठी काळी मिरी' चालते. 'काळी मोठी मिरी' म्हटले की मिरीचे नावच मोडते.

मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. त्या परंपरेतून शालेय व्याकरणाने गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण हे प्रकार उचलले. ती एकत्र आली की कशी उभी राहतात, हा प्रश्न मागे ठेवला. परिणाम असा, की मूल परभाषेचा क्रम घोकते आणि स्वभाषेत क्रमच नाही असे समजते. मीही पन्नाशी उलटेपर्यंत तेच समजत होतो.

मुलाला मी पुन्हा बोलावले आणि घरातल्या वस्तूंची नावे दोन-दोन विशेषणांसह लिहायला सांगितली. वाचकांनीही झाडीबोलीतली, पोवारीतली अशी उदाहरणे टिपून ठेवावीत. नियम त्यांतूनच लिहावा लागेल.