रक्तातील आकडा व हाडातील दोष

अस्थिभंगुरतेच्या अभ्यासात स्क्लेरोस्टिन या प्रथिनाकडे संशोधकांचे लक्ष विशेष वेधले गेले आहे. निरोगी माणसे व रुग्ण यांच्या रक्तरसातील त्याचे प्रमाण मोजावयाचे आणि दोन सरासऱ्यांतील अंतरावरून रोगाविषयी अनुमान काढावयाचे, अशी ही पद्धती आहे. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही; तथापि त्या अनुमानाचा पाया तपासणे अगत्याचे आहे.

हे प्रथिन मुख्यतः हाडातील अस्थिकोशिका स्रवतात व ते नव्या हाडाच्या निर्मितीस आवर घालते. त्याचे जनुक २००१ मध्ये स्क्लेरोस्टिओसिस या विकाराच्या अभ्यासातून उजेडात आले. या विकारात प्रथिनाच्या अभावी हाडे बेसुमार जाड होतात. तेव्हा त्याचे कार्य रोखल्यास हाड वाढेल, हा विचार सयुक्तिकच होता. रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेवर अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झालेले रोमोसोझुमॅब हे त्याचेच फळ होय.

अस्थिभंगुरतेची गोष्ट निराळी आहे. बहुसंख्य रुग्णांत मूळ दोष पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनच्या जनुकांत असतो. रक्तातील स्क्लेरोस्टिन येथे रोगाचे मूळ दाखवीत नाही. फार तर परिणाम दाखविते. पण परिणाम तरी कशाचा? प्रौढांत हे प्रमाण वयाबरोबर वाढते, पुरुषांत ते अधिक असते आणि मूत्रपिंडाच्या विकारातही वाढते. हाडावरील भार कमी झाला की स्राव वाढतो. म्हणजे मोडलेल्या हाडामुळे अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचा आकडा रोगाचा की विश्रांतीचा, हे ठरविणे कठीण होते.

याहून सूक्ष्म अडचण हाडाच्या साठ्याची आहे. अस्थिनिर्मितीस रोखणारे हे प्रथिन, अधिक अस्थिभार असलेल्या निरोगी माणसाच्या रक्तात बहुधा अधिकच आढळते. कारण ते स्रवणाऱ्या कोशिकाही त्याच हाडात असतात. मग ज्याच्या शरीरात हाडच थोडे, त्याचा आकडा निरोग्याइतका आला तर त्यास स्वाभाविक म्हणावे, की हाडाच्या मानाने अधिक? शिवाय निरनिराळ्या चाचणीसंचांनी एकाच नमुन्याचे भिन्न आकडे मिळतात.

म्हणून वय, लिंग, उंची, अस्थिभार, अलीकडील अस्थिभंग, चालू औषधे व वापरलेला संच यांचा उल्लेख नसलेली तुलना अपुरीच मानावयास हवी. या रुग्णांत मुलेही असतात. केवळ सरासरीतील अंतर पाहून त्यांच्या उपचाराची दिशा ठरविणे न्याय्य होणार नाही. त्यासाठी अस्थिभंग खरोखरच कमी होतात काय, हीच कसोटी अखेर लावावी लागेल.