झाकलेले हत्यार

आपल्या वर्तमानपत्रांतून एक शब्दप्रयोग चांगलाच रूढ झाला आहे. ‘परवानाधारक पिस्तुलातून गोळीबार’ असा मथळा अधूनमधून कुठे ना कुठे दिसतो. व्याकरणाच्या दृष्टीने हा प्रयोग सदोष आहे. परवाना माणूस धारण करतो, पिस्तूल नव्हे. पण लाल शाईने दुरुस्त करावी आणि पुढे जावे इतकी ही चूक साधी आहे असे मला वाटत नाही. सगळेच जेव्हा एक चूक करू लागतात, तेव्हा तिच्यामागे बहुधा सगळ्यांची काही सोय दडलेली असते. येथे सोय अशी की, वाक्यातला माणूस नाहीसा होतो आणि त्याची जबाबदारी लोखंडाकडे जाते. पोलिसांच्या कागदांची भाषा तरी निराळी कुठे आहे? तेथे काडतुसे ‘जिवंत’ असतात आणि माणसे नुसते ‘इसम’ होतात.

हा नाहीसा झालेला माणूस हा माझ्या लेखाचा विषय आहे. आणि त्याच्याकडे पाहणारा पोलीसही. कायद्याने दिलेले हत्यार कमरेला लावून वावरणाऱ्या नागरिकाकडे पोलीस कोणत्या नजरेने पाहतो? आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी ही नजर कधी टिपली आहे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि हा नकार केवळ एका विषयाच्या अभावापुरता नाही.

प्रथम कायद्याकडे पाहू. कायदा हेही एक गद्यच असते आणि त्याच्या कर्त्यांच्या मनोवृत्ती त्यातून वाचता येतात. १८७८ चा शस्त्रकायदा परक्या सरकारने भीतीपोटी केला. त्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने वर्षानुवर्षे तक्रार केली आणि १९३१ च्या कराचीच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. सर्वांना हक्क म्हटला की तो चोर-दरोडेखोरांनाही द्यावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला आणि हत्यार ही आपल्याकडे हक्काची नव्हे, अनुज्ञेची वस्तू राहिली. अमेरिकेत २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क ठरविला. तेथे हक्क आधी येतो, पोलीस नंतर. आपल्याकडे पोलीस आधी येतो.

किती आधी? कलम १३ प्रमाणे अर्ज आला की परवाना अधिकाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवायचा असतो. जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतो. पुण्यासारख्या आयुक्तालयात तो पोलीस आयुक्तच देतो. म्हणजे शहरात अहवाल लिहिणारा पोलीस, परवाना देणारा पोलीस, आणि कलम १९ प्रमाणे रस्त्यात थांबवून ‘परवाना दाखवा’ म्हणणाराही पोलीस. सशस्त्र नागरिक हे पात्र पोलिसानेच निर्माण केलेले असते. त्याच्याविषयी पहिला परिच्छेद तोच लिहितो. आपल्याच लेखणीतून उतरलेल्या माणसासमोर उद्या आपल्यालाच उभे राहावे लागेल, ही जाणीव ज्या परिच्छेदात आहे आणि ज्यात नाही, त्या दोहोंत केवढे अंतर असेल!

२०१६ च्या शस्त्र नियमांत आणखी एक तरतूद आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. ते परजणे, मिरविणे निषिद्ध आहे. आता समाजाकडे पाहा. पुण्याच्या पश्चिमेला ज्याने थोडे दिवस काढले आहेत त्याला सांगावयास नको की, पुरते झाकलेले पिस्तूल पुष्कळांच्या दृष्टीने वाया गेलेले पिस्तूल आहे. ते दागिन्यासारखे घेतलेले असते. सदऱ्याचा कोपरा किंचित वर सरकावा, लग्नमंडपात खुर्चीवर बसताना त्याचा आकार जाणवावा, एवढ्यासाठीच ते असते. कायदा म्हणतो झाका; हौस म्हणते दाखवा. या दोन आज्ञांच्या मध्ये पोलिसाची नजर सापडली आहे.

मी वारज्यात राहतो. मुठेच्या काठचे हे गाव महानगरपालिकेत आले, मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता त्याच्या अंगावरून गेला, आणि भाताच्या खाचरांची जागा इमारतींनी घेतली. खडकवासल्याची प्रबोधिनी जवळ असल्यामुळे सैन्यातून निवृत्त झालेली माणसे या बाजूला बरीच. त्यांतला एखादा बँकेच्या दारात बाराबोरची बंदूक घेऊन उभा असतो. त्याची बंदूक सर्वांना दिसते आणि कुणालाच खुपत नाही. ती त्याची भाकरी आहे. दुसरा परवानेवाला मोटारीतून उतरतो. त्याची जमीन महामार्गाला लागून होती. आता जमीन नाही, पैसा आहे, आणि पैशापाठोपाठ आलेले वैरी आहेत. या दोघांचा कागद एकाच कायद्याखालचा. पण पहिल्याला हवालदार ‘काय मामा’ म्हणतो आणि नूतनीकरणाला चार खेपा घालायला लावतो. दुसऱ्याला ‘या शेठ’ म्हणतो आणि खुर्ची देतो. पोलिसांच्या वृत्तीविषयी एकवचनात बोलणे म्हणूनच मला चुकीचे वाटते. हत्याराकडे पाहण्यापूर्वी पोलीस चपलांकडे पाहतो.

ओळखीच्या एका निवृत्त फौजदारांशी मी या विषयावर बोललो आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : गावठी कट्टा बाळगणाऱ्याची भीती वाटत नाही, कारण त्याला पकडता येते, भीती परवानेवाल्याची वाटते, कारण त्याच्याशी आदबीने वागावे लागते आणि तो केव्हा बिनसेल ते कागदावर लिहिलेले नसते. निवडणुका आल्या की परवान्यांची छाननी होते आणि पुष्कळांना हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. ते दिवस फौजदारांना सर्वांत निश्चिंत वाटत. या भीतीत वैताग आहे, हेवा आहे, थोडी लाचारी आहे आणि शहाणपणही आहे. चांगल्या कथाकाराला यापेक्षा अधिक काय हवे?

आणि तरीही आपले कथाकार इकडे फिरकलेले नाहीत. बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात करू. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर आमच्या आधीची एक पिढी वाढली. त्या जगात नायकाच्या खिशात पिस्तूल असणे हे त्याच्या डोक्यावर केस असण्याइतके स्वाभाविक. परवान्याचा प्रश्न कुणी विचारल्याचे मला आठवत नाही, आणि अर्नाळकरांना त्याबद्दल दोष देणे रसिकपणाचे होणार नाही. रंजनाचे ते जग होते. तेथे पिस्तूल हे जादूच्या कांडीचे काम करी. दोष नंतरच्या, वास्तवाची शपथ घेतलेल्या लेखनाला द्यावा लागतो.

श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा आणि तिच्यावरून गोविंद निहलानींनी १९८३ साली केलेला ‘अर्धसत्य’ यांनी भारतीय पडद्याला पहिला खराखुरा फौजदार दिला असे मी मानतो. पटकथा तेंडुलकरांची. अनंत वेलणकर कोठडीत माणूस मारतो आणि शेवटी रामा शेट्टीचा गळा आपल्या हातांनी दाबतो. ज्याला राज्याने हत्यार दिले आहे त्याने अखेरीस हातांचा आश्रय करावा, यात त्या कृतीचे सारे मर्म आहे. पण त्या जगातही हत्याराचे दोनच मालक आहेत : वर्दी आणि टोळी. रामा शेट्टी निवडणूक लढवू पाहतो, प्रतिष्ठित होऊ पाहतो. त्याच्या पुढची पायरी वेलणकराने अर्जावर सही करून त्याला पिस्तूल देण्याची आहे, ही कल्पना त्या काळी कुणाला सुचली नाही. आज ती कल्पना उरलेली नाही.

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ २०१८ साली आला. माझ्या दृष्टीने तो या भागाचा पहिला प्रामाणिक चित्रपट आहे. जमीन विकली गेली, पैसा उडाला, बापाची मान खाली गेली आणि मुलाच्या हातात हत्यार आले, ही कार्यकारणाची साखळी त्याने ठसठशीतपणे दाखविली. मात्र ज्याच्यापाशी जमीन राहिली नाही त्याचीच ती कथा आहे. ज्याच्यापाशी पैसा टिकला त्याचे काय? त्याच्याही हातात हत्यार आले. फक्त ते रांगेने, शिक्क्यासह आले. चित्रपटाने बेकायदा हत्याराची शोकांतिका सांगितली आणि कायदेशीर हत्याराला चौकटीबाहेर ठेवले. त्यामुळे पोलीस तेथे पाठलाग करणारा, समजूत घालणारा, क्वचित हळहळणारा दिसतो. परवाना देणारा, म्हणजे या व्यवहारात सामील असलेला, दिसत नाही.

कुणी म्हणेल, लेखकाने प्रत्येक व्यवसायाचा आणि प्रत्येक दाखल्याचा हिशेब द्यावा काय? तशी माझी मागणी नाही. पण मराठी वास्तववादाने जेथे जेथे हत्यार आणले तेथे एक सोपी नीती गृहीत धरली : कायदेशीर हत्यार म्हणजे व्यवस्था, बेकायदा हत्यार म्हणजे अनर्थ. ही नीती घटनांनी खोटी पाडली आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या. आरोपी होते कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड. आपण स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या असे त्यांनी वृत्तवाहिनीला सांगितले. न्यायालयाने काय ठरवायचे ते ठरवावे. मला त्या दालनाचे दृश्य महत्त्वाचे वाटते. पोलीस ठाण्यात हत्यार घेऊन शिरलेल्या माणसाला दाराशी कुणी थांबविले नाही, कारण तो थांबविण्याजोगा माणूस नव्हता.

आमच्या शेजारची गोष्ट २०२५ ची. मुळशी तालुक्यातील एका वजनदार घराण्यातल्या सुनेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. तपास पुढे गेला तेव्हा त्या घरातील भावांनी शहरातले खोटे पत्ते दाखवून शस्त्र परवाने मिळविल्याचा आरोप झाला आणि वारजे व कोथरूड येथे गुन्हे नोंदले गेले. आरोप सिद्ध व्हावयाचा आहे. पण प्रश्न साहित्याचाही आहे. न राहणाऱ्या माणसाच्या राहण्याचा दाखला ज्या कागदावर तयार होतो, त्या कागदाइतके काल्पनिक वाङ्मय दुसरे कोणते असेल? त्याच वर्षी उलट टोकाचे प्रकरण गाजले. आयुक्तालयाने नाकारलेला कोथरूडचा एक परवाना गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्याचे उघड झाले. तो प्रत्यक्षात दिला नाही असे पोलिसांनी सांगितले. एका ठिकाणी पोलिसांचा डोळा झाकलेला, दुसऱ्या ठिकाणी तो उघडा असूनही वरून झाकू पाहिलेला.

पोलिसांची वृत्ती मोजून पाहण्याचे प्रयत्न परदेशात झाले आहेत. २०१३ साली अमेरिकेत पोलिसांसाठीच्या एका संकेतस्थळाने पंधरा हजारांवर अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. नव्वद टक्क्यांहून अधिकांनी सज्जन नागरिकाने छुपे पिस्तूल बाळगण्यास पाठिंबा दिला. उत्तरे आपणहोऊन देणाऱ्यांची ही पाहणी, तेव्हा तिला फार ताणू नये. परंतु ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या काळ्या तरुणाने मोटार थांबविणाऱ्या पोलिसाला आपल्यापाशी हत्यार असल्याचे शांतपणे सांगितले. परवाना त्याच्यापाशी होता. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घालून ठार केले, आणि पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. प्रश्नावलीतला ‘सज्जन नागरिक’ आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यातले हे अंतर आहे. तेथे ते कातडीच्या रंगाने पडते. येथे ते जमिनीच्या, जातीच्या आणि ओळखीच्या वजनाने पडते. आकडा या अंतराची लांबी सांगू शकत नाही. ते काम कथेचे आहे.

म्हणून माझी तक्रार विषयाच्या नावीन्यासाठी नाही. दलित लेखकांनी, ग्रामीण लेखकांनी पोलीस पाहिला तो दंडुक्याच्या दुसऱ्या टोकाकडून; ते दर्शन खरे होते आणि आजही खरे आहे. पण सत्तेपुढे वाकलेला पोलीस, आपणच सही केलेल्या कागदाला घाबरणारा पोलीस, हे दर्शन अजून यावयाचे आहे. ते आले नाही तोवर ‘मारणारा’ आणि ‘मार खाणारा’ या दोनच कप्प्यांत आपले वास्तव कोंडले जाईल आणि मधला, चहा पीत बसलेला, सदरा सारखा करणारा सभ्य माणूस नेहमीच सुटून जाईल.

परवान्याच्या अर्जात हत्यार कशासाठी हवे याचे कारण द्यावे लागते. तेथे वर्षानुवर्षे एकच शब्द लिहिला जातो : ‘स्वसंरक्षणार्थ’. या ‘स्व’मध्ये काय काय सामावले आहे, विकलेली जमीन, न विकलेली जमीन, भाऊबंदकी, लग्नातला मान, उद्याची निवडणूक, हे त्या रकान्यात मावत नाही. अहवाल लिहिणाऱ्या फौजदाराला ते पुष्कळदा ठाऊक असते आणि तो ते लिहीत नाही. त्याने का लिहिले नाही, हे एखाद्या मराठी लेखकाने लिहावे.