दोष चिन्हाचा, की मौनाचा?

मंडळी, आज एका चिन्हाविषयी बोलू. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डने = हे चिन्ह वापरलं, कारण दोन समांतर रेषांइतकं समान दुसरं काय असणार? शाळेत आपण तेच शिकलो. मग सी भाषा सांगते, = म्हणजे 'समान' नव्हे, 'ही किंमत ठेव'. समान आहे का हे विचारायचं तर ==.

ही निवड सी च्या आधीच्या बी भाषेतून आली. केन थॉम्पसन यांचा युक्तिवाद असा, की किंमत ठेवणं हे तुलनेच्या साधारण दुप्पट वेळा लागतं, म्हणून त्याचं चिन्ह निम्म्या लांबीचं. हिशेब बरोबर आहे, पण तो टंकणाऱ्या बोटांचा. वाचणाऱ्या डोळ्यांचा त्यात विचारच नाही.

तरी आम्ही सगळा दोष चिन्हाला देणार नाही. फोरट्रानमध्येही = म्हणजे किंमत ठेवणंच होतं. तुलनेला मात्र .ईक्यू. अशी अक्षरं होती, त्यामुळे गल्लत व्हायला जागा नव्हती. खरी अडचण पुढे आहे. सी मध्ये अटीच्या कंसातही किंमत ठेवता येते आणि शून्य सोडून कुठलाही आकडा 'खरं' मानला जातो. म्हणजे 'वय == १८' ऐवजी 'वय = १८' लिहिलंत, तर प्रत्येकाचं वय अठरा होतं, अट कायम खरी ठरते, आणि भाषा गप्प!

हे नवशिक्यांपुरतं आहे असं वाटतं? नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वरवर वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, अशी तपासणी. पण तिथे एकच = होतं. शून्य म्हणजे रूट, सर्वाधिकारी! किंमत शून्य, म्हणून अट खोटी. चूक दाखवणारी ओळ चाललीच नसती. वर जादा कंस घातलेला, म्हणजे कंपायलरही इशारा देणार नाही. मुख्य साठ्यात या बदलाची नोंद नव्हती, म्हणून तो पकडला गेला.

पायथॉनने = आणि == तशीच ठेवली, पण अटीत = लिहिलं की प्रोग्राम चालतच नाही. अटीत किंमत ठेवायची सोय २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत आली, तीही := या वेगळ्या चिन्हाने.

तेव्हा वर्गात 'नीट बघून लिही' म्हणताना एवढं लक्षात ठेवूया: घसरणाऱ्याला सावध करावंच, पण फरशी कुणी ओली ठेवली हेही विचारावं.