बटाटा, गोणपाट आणि ‘दुर्बल’ बंध

रासायनिक बंधांचे प्रकरण आपल्या पाठ्यपुस्तकांतून साधारणपणे एकाच क्रमाने येते. आधी आयनिक बंध, मग सहसंयुज बंध आणि शेवटी ‘दुर्बल’ म्हणून हायड्रोजन बंध व व्हॅन डर वाल्स बल यांना एखादा परिच्छेद. उदाहरण बहुधा पाण्याचे. जीवशास्त्राच्या पुस्तकात स्टार्च व सेल्युलोज यांच्यासाठी षटकोनांच्या दोन माळा काढलेल्या असतात. दोन्ही ठिकाणची माहिती बरोबर आहे. तक्रार एवढीच, की या दोन प्रकरणांची गाठ कधी पडत नाही.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ही गाठ सहज घालून देता येईल. बटाट्याने भरलेली तागाची गोणी पाहा. बटाट्यातील पाणी वगळले तर उरतो मुख्यतः स्टार्च. गोणपाटात मुख्यतः सेल्युलोज, जोडीला लिग्निन. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच, आणि दोन्हींतील ग्लुकोजचे घटक सारख्याच जातीच्या सहसंयुज बंधांनी जोडलेले. मग बटाटा उकडला की मऊ होतो आणि गोणपाट मात्र ५० किलो वजन पेलते, हे कसे?

फरक जोडणीच्या दिशेत आहे. स्टार्चमधील अल्फा जोडणीमुळे साखळी वळते, तिला फाटेही फुटतात. सेल्युलोजमधील बीटा जोडणीमुळे साखळी सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारी शेजारी दाटीने बसतात, त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात आणि थरांवर थर रचले जातात. असा एक बंध सुमारे २० किलोज्यूल प्रति मोल ताकदीचा. सहसंयुज बंध सुमारे ३५० चा. पण हजारो ‘दुर्बल’ बंध शिस्तीने एकत्र आले, की उकळते पाणीही त्यांना हटवू शकत नाही. हायड्रोजन बंध स्टार्चमध्येही असतात, पण रचना सैल असल्याने ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी आत शिरते आणि कण फुगतात.

‘दुर्बल’ हे विशेषण एका बंधाचे आहे. विद्यार्थी ते साऱ्या समूहाला लावतो. शिवाय या दुर्बलतेचा उपयोगही त्याला कळत नाही. डीएनएचे दोन धागे प्रत काढताना विलग होतात, पण प्रत्येक धागा अखंड राहतो, तो याच फरकामुळे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: बटाटा उकडताना कोणते बंध तुटतात? पुष्कळ मुले ‘ग्लुकोजचे’ म्हणतील. उकडून थंड केलेल्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. रंग निळा-काळाच येतो, म्हणजे साखळ्या शाबूत आहेत. बटाट्याच्या पातळ खळीत लाळ मिसळून काही वेळाने तपासले तर तो रंग फिका पडतो. तेथे विकराने सहसंयुज बंध तोडलेले असतात.

दुसरा प्रयोग घरचाच. सुती कापडाची पट्टी तांदळाच्या पेजेत बुडवून वाळवा; ती कडक होते. स्टार्च आणि सेल्युलोज हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात. पट्टी पाण्यात चोळून धुतली की खळ निघते, कापड मात्र टिकते. तीच पट्टी हातात घेऊन धडा सुरू केला, तर ‘दुर्बल’ या शब्दाचा अर्थ मुले स्वतःच दुरुस्त करतील.